शेवटच्या घराच्या पुढे

२८ ऑगस्ट, गुरुवार

द्वारकेत पोचलो. सामानाचा ट्रक आमच्या आधी पोचला होता, हा दिल्लीतला पहिला चमत्कार. दुसरा म्हणजे गेटवर "या, प्रवास कसा झाला" असं शुद्ध मराठीत स्वागत. सह्यकिरण सोसायटी म्हणजे आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत आयुष्य काढलेल्या मराठी अधिकाऱ्यांनी निवृत्तीसाठी बांधून ठेवलेलं बेट. मंडपात गणपती बसलाय. आरतीत दिल्लीत वाढलेली मुलं शब्द येत नाहीत तिथे नुसते स्वर लावतात, पण जोरात.

माझ्या वयाच्या बाईला पुण्यात कंपन्या "तुमचा अनुभव फार आहे" असं गोड बोलून दार दाखवतात. गुरुग्रामच्या या कंपनीला तोच अनुभव हवा होता. सोसायट्यांना पाणी वाटणाऱ्या त्यांच्या बोर्डांतले प्रोग्राम सी या जुन्या संगणक-भाषेत लिहिलेत, आणि सी नीट येणारी माणसं आता एक तर माझ्या वयाची असतात नाहीतर वारलेली. साहेब विक्रांत तिशीचा, मुंबईचा. मला "सुनेत्रा मॅम, यार" म्हणतो. आदर आणि धसमुसळेपणा एकाच श्वासात बसवायची ही पद्धत मला आवडली.

फ्लॅट कंपनीचा, चौथ्या मजल्यावर. एका ओळीत घरं, आमचं अगदी शेवटचं. बेडरूमच्या भिंतीपलीकडे कुणी नाही, नुसती हवा आणि उतरणारी विमानं. दीनानाथ यावरच खूश. माझा नवरा बँकेतून निवृत्त झालाय, पण स्वच्छतेतून नाही. नखांना वेगळा ब्रश, कंगव्याला वेगळा. बशीतून भुरके मारतात म्हणून त्याने सख्ख्या मामांकडे जाणं सोडलं. एका बाजूला तरी शेजारी नाही, म्हणजे एका बाजूचा तरी आवाज आणि वास वाचला, असं म्हणत त्याने स्वतःच बेडरूमची फरशी पुसून घेतली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी हा माणूस ओल्या फडक्याने फरशी पुसताना मला अजून बघावासा वाटतो. हे त्याला सांगायचं नाही. चढून बसेल.

३१ ऑगस्ट, रविवार

कंपनीने या सोसायटीत राहायला दिलं ते उगीच नाही. गेलं वर्षभर इथे पाणी पुरत नाही. टाकी भरलेली असते, सकाळी बोर्ड घराघराला पाणी सोडतो आणि ओळ पुरी होईतो टाकीच्या तळाचं शेवाळ दिसतं. गळती नाही, चोरी नाही. आधीचे भाडेकरू कंटाळून गेले. मला कारण शोधायचंय, घरात बसून, स्वतःच्या नळाने.

सेक्रेटरी मुरलीधर टेंबे घरी येऊन गेले. केंद्र सरकारात सेक्शन ऑफिसर होते, म्हणजे कुठलाही रकाना रिकामा दिसला की त्यांना झोप येत नाही. चहा छान झालाय म्हणाले. शेजारच्या फ्लॅटमधली सोनम इडल्या देऊन गेली. तिचा नवरा लष्करात, ती जन्माने साताऱ्याची, बोलते हिंदी. तिच्या लेकीला मी "बुरशी" म्हणजे काय विचारलं तर ती म्हणाली, मिठाई. दीनानाथने इडली दोनदा हुंगली आणि मग खाल्ली.

३ सप्टेंबर, बुधवार

पंपरूममध्ये बोर्ड उघडून प्रोग्राम वाचला. लिहिणारा केव्हाच नोकरी सोडून गेलाय. हुशार आणि आळशी, म्हणजे सी लिहायला लायक.

सगळी घरं एका ॲरेत आहेत. ॲरे म्हणजे आमच्या मजल्यासारखाच प्रकार: एका ओळीत, भिंतीला भिंत लावून, सगळी घरं एका मापाची. आणि पॉइंटर म्हणजे पत्ता हातात घेऊन निघालेला गडी. त्याला फक्त पहिल्या दाराचा पत्ता द्यायचा. तिथलं नाव वाचायचं, व्हॉल्व्ह उघडायचा, किती पाणी दिलं ते तिथेच लिहायचं, आणि बरोबर एका घराएवढं पाऊल टाकून पुढच्या दाराशी उभं राहायचं. ओळ कुठे संपते हे त्याला ठाऊक नसतं. सी त्याला सांगत नाही. ओळ संपली तरी तो पाऊल टाकतो आणि तिथे जे काय असेल त्याला घर समजतो. अडवायला कुणी नाही. इथल्या रिंग रोडसारखं: गाडी तुमची, जीव तुमचा.

म्हणून शेवटच्या घरानंतर एक कोरी नोंद ठेवलेली असते. नाव कोरं दिसलं की गड्याने परत फिरायचं.

ती नोंद कोरी नाही. तिथे लिहिलंय, सर्व पितर.

टेंबेसाहेबांना विचारलं. त्यांना अपराधी वगैरे वाटलं नाही, उलट कुणाच्या तरी लक्षात आलं याचा आनंद झाला. गेल्या पितृपक्षात स्क्रीनवर शेवटची ओळ रिकामी दिसली. सगळ्या घरांना पाणी मिळतं, मग ज्यांच्या नावाने आपण पाणी सोडतो त्यांनाच का नको, असा त्यांनी विचार केला. बिल्डरने एक घर कमी बांधलं, पण त्याचा पाइप आणि व्हॉल्व्ह टाकून ठेवला होता. तोच पितरांना दिला. तर्पणाचं ऑटोमेशन. पाइप कुठे जातो? आमच्या बेडरूमच्या भिंतीत जाऊन संपतो.

तेव्हापासून गडी थांबत नाही. पितरांना पाणी देतो आणि पुढे चालू लागतो, मेमरीतल्या कचऱ्यात. प्रत्येक कचऱ्याला घर समजून त्याच शेवटच्या व्हॉल्व्हमधून पाणी सोडतो, कुठेतरी एखादं शून्य, म्हणजे त्याच्या लेखी कोरं नाव, आडवं येईपर्यंत. वर्षभराचं पाणी असं गेलं.

नोंद लगेच पुसणार होते. टेंबे म्हणाले, रविवारी पितृपक्ष लागतोय, एवढा पंधरवडा जाऊ द्या. मी हो म्हटलं. फुकटचा चांगुलपणा. तोवर प्रोग्राम हलका करावा म्हणून घराच्या नोंदीतला फॅक्स नंबरचा रकाना काढून टाकला. द्वारकेत फॅक्स करणारा आता कोण उरलाय.

६ सप्टेंबर, शनिवार

सकाळी पाणी सोडायच्या वेळी बेडरूमच्या भिंतीपलीकडे कुणीतरी खाकरलं.

साधं खाकरणं नव्हे. पोटापासून सुरू होऊन, छातीतून वळसे घेत, घशात घोळवून, शेवटी थुंकलेलं. मग चूळ. मग दात घासताना काढतात ती ओकारी. दीनानाथ पोह्यांची बशी तशीच ठेवून उठला. त्याने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढून पाहिलं. सपाट भिंत आणि एक कबुतर.

पाइपात हवा अडकली असणार, असं मी म्हटलं. हवेला इतका कफ असतो का, असं त्याने विचारलं.

भिंतीला ओल धरलीय. त्या वाया जाणाऱ्या पाण्याचीच. हात लावला तर गार लागेल असं वाटलं होतं. कोमट आहे.

९ सप्टेंबर, मंगळवार

पाणी उष्टं लागतंय.

दुसरा शब्द नाही. घाणेरडं नाही, खारं नाही. कुणीतरी तोंडात धरून, गालात खळबळवून, मग आपल्या पेल्यात सोडावं तसं. किंचित फेस. फिल्टरमधून दोनदा काढलं, उकळलं, तरी चहावर जिभेची साय. सोनमकडे जाऊन एक पेला प्यायले. तिच्याकडचं स्वच्छ आहे. भिंतीला भिंत लागून.

बादलीच्या तळाशी केस. आमचे नव्हेत. लांब, काही पांढरे, मुळाशी त्वचेचा ठिपका असलेले. एक काढायला गेले तर त्याच्यामागून गुंताच वर आला. नळाच्या तोंडाशी नखाची कड अडकली होती, जाड, पिवळी.

दीनानाथने अंघोळच केली नाही. आमच्या लग्नानंतर पहिल्यांदा.

११ सप्टेंबर, गुरुवार

आज सकाळी खाकरणारा माणूस भिंतीच्या अलीकडे होता.

मी स्वयंपाकघरात. वाटलं, पुन्हा तेच. गेले तर दीनानाथ बेसिनवर वाकलेला. तोच वळसा, तेच घोळवणं, तीच पिंक. आरशात माझ्याकडे बघून हसला. दातांना हिरवट काहीतरी.

जेवताना भुरके. ताक मनगटावरून कोपरापर्यंत ओघळलं, त्याने ते चाटून काढलं, सावकाश, उलट्या दिशेने. मी म्हटलं अरे काय हे. तो म्हणाला, पाणी वाया घालवू नये. हॉलमध्ये येऊन बसला की मात्र पुष्कळसा पूर्वीसारखा होतो. रुमाल मागतो, ओशाळतो. बेडरूममध्ये गेला की पुन्हा तसाच. घराच्या मध्यावर, जिथे हॉल संपतो, तिथे काहीतरी बदलतं. फरशीचा वाससुद्धा. अलीकडे फिनेल, पलीकडे जुन्या उशीसारखा, तोंडातून रात्रभर गळलेल्या लाळेचा.

१३ सप्टेंबर, शनिवार

सापडलं. माझीच चूक.

गड्याचं पाऊल घराच्या मापाएवढं असतं. फॅक्सचा रकाना काढून मी माप कमी केलं. पण बोर्डात साठवलेली घरं जुन्याच मापाची राहिली. म्हणजे पाऊल आखूड, घरं लांब. पहिल्या घराशी फरक काहीच नाही. दुसऱ्याशी केसाएवढा. प्रत्येक घरागणिक तो वाढत जातो, आणि ओळीच्या टोकाला, आमच्याशी, अर्ध्या घराचा होतो. गडी आमच्या दाराशी थांबतो आणि पुढचं पाऊल टाकतो ते आमच्याच घराच्या मध्यावर पडतं. तिथून पुढे त्याच्या लेखी दुसरं घर. पितरांचं.

नुसतं वाचलं असतं तर काही नाही. पण तो प्रत्येक दाराशी लिहितो.

स्क्रीनवर शेवटच्या घराच्या पुढे पूर्वी चौकोन आणि प्रश्नचिन्हं यायची. आता नावं येतात. अर्धवट. आधी कुणाचं तरी आडनाव, मग बुडखा नसलेली अक्षरं, एका बाईचं नाव, मग एकामागून एक, पाणी घेणारे, ओळ संपतच नाही. आणि पितरांच्या नोंदीत माणसं किती, या रकान्यात रोज एकाची भर. पितरांच्या आधी आता आणखी एक नाव सुरू झालंय. दीनाना. एवढंच. उरलेलं अक्षर अजून आमच्या बाजूला आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

तो बेडरूमच्या भिंतीला पाठ टेकून बसतो. उठ म्हटलं की उठतो, पण पाठ सुटताना आवाज येतो, ओल्या फरशीवरून रबरी चप्पल उचलल्यासारखा. सदरा वर करून पाहिलं. पाठीवर शेवाळ. चोळलं तर निघत नाही, खालून त्वचाच सैल होऊन सरकते, उकडलेल्या टोमॅटोची साल सरकावी तशी. मी बाथरूममध्ये जाऊन ओकले. चूळ भरायला नळ सोडला आणि ते उष्टं पाणी —

डॉक्टरकडे नेते म्हटलं. हॉलपर्यंत आला. तिथे थरथरला, म्हणाला अर्धं अंग येत नाही.

त्याची नखं वाढलीत. वेगळ्या ब्रशकडे त्याने पाहिलंही नाही.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज दोन्ही दुरुस्त केलं. माप सारखं केलं. पितरांची नोंद पुसून कोरी केली. गडी आता आमच्यानंतर कोरं नाव बघणार आणि फिरणार.

टेंबे पंपरूमच्या दारात उभे होते. ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "ताई, दिलं नसतं तर चाललं असतं. पण एकदा द्यायला लागल्यावर तोडू नये. सवय लागलेली असते हो त्यांना." मी म्हटलं, माझा नवरा जातोय. ते म्हणाले, कोरडा जाईल. मी ऐकलं नाही.

टाकी भरलेली राहिली. वर्षात पहिल्यांदा. सोसायटीच्या ग्रुपवर फुलं, टाळ्या.

भिंतीपलीकडे सकाळी कुणी खाकरलं नाही. दीनानाथ थोडा बरा. रुमाल मागितला.

१७ सप्टेंबर, बुधवार

आमचे नळ कोरडे. फक्त आमचेच. समजलं — व्हॉल्व्हचा नंबर नोंदीच्या दुसऱ्या अर्ध्यात असतो. तो अर्धा आता आमचा नाही. पाऊल सुधारलं, पण लिहिलेलं लिहिलेलंच राहिलं.

पाण्याचे जार मागवले. बेडरूमच्या दाराशी ठेवले. झाकण न उघडता रिकामे. आतून चाटल्यासारखे, लाळेचे ओघळ.

भिंतीतून आवाज. खाकरणं नाही. चाटणं. खूप जण. खालपासून वरपर्यंत.

पितरांना पाणी परत द्यायचं ठरवलं. काही होवो. पंपरूममध्ये गेले तर बोर्ड बदल घेत नाही. विक्रांतला फोन केला. माझी दुरुस्ती त्याला इतकी आवडली की तिकडून सगळ्या सोसायट्यांवर चढवून कुलूप घातलंय. आता सोमवारी रिव्ह्यू झाल्याशिवाय कुणालाच हात लावता येणार नाही. ब्रिलियंट, यार, म्हणाला. मी म्हटलं नवरा मरतोय. लीव्ह टाका मॅम, बिल्कुल टाका, म्हणाला.

सोनमला ओढत आणलं. दीनानाथला उचलायला. ती हॉलमध्ये थांबली. बेडरूमच्या दाराकडे बघत राहिली. म्हटलं चल ना आत. ती हळूच म्हणाली, "आंटी, यहाँ कमरा कहाँ है? ये तो दीवार है।"

दार उघडं होतं. मला तो दिसत होता. हात पुढे केलेला.

ती गेली. धावत.

१८ — गुरुवार

त्याच्याजवळ बसलेय. डाव्या हाताने लिहितेय. उजवा त्याच्या हातात. सुटत नाही — कातडीला कातडी. सोडवायचाही नाही.

भिंत कोरडी पडली. शेवाळाचे पोपडे. प्लास्टर चाटून संपलं, विटा दिसतात, विटांमधून — जिभा. कोरड्या. पांढऱ्या भेगा पडलेल्या. त्यांना वास समजतो ओलीचा. कुंडीतली माती गेली. फ्रीजमधलं दही. मला रडू येत होतं तर गालावरून काहीतरी खरखरीत फिरलं आणि डोळे —

रडत नाही आता.

दीनानाथ शुद्धीवर. पूर्ण. हे सगळ्यात वाईट. लाज वाटतेय त्याला. पुसून घे म्हणतो, मला पुसून घे गं. कशाने पुसू. फडकं ओलं करायला —

अमावास्येला अवकाश आहे. तोपर्यंत ते —

या घरात ओलं असं आता आम्ही दोघंच.

तो बोलतोय. तोंडात थुंकी नाही, नुसती हवा येते. सुनेत्रा तू जा. हात तोड पण जा. मी नाही म्हटलं. त्याची पाठ आता — पलीकडून — बसल्या जागी हलका होतोय, गाल आत गेले, ते मागून त्याला —

माझ्या मनगटाशी आलेत. थांबलेत. हुंगतायत. पेन खाली ठेवते, त्याला दुसऱ्या हाताने धरायला —